मानापमानचे चार प्रयोग आणि पाठीमागून आलेली दाद

मंडळी, गेल्या वेळी लिहिलं तेव्हा आमच्या संगीत मानापमान नाटकाच्या नुसत्या तालमी चालू होत्या आणि माझी पायपेटी (पायानं भाता हलवून वाजवायचा ऑर्गन) खोलून वर्कशॉपच्या टेबलावर पसरलेली होती. आता चार प्रयोग झालेत, पेटी सुरात आहे (एक सूर सोडून, त्याचं पुढं सांगतो) आणि माझी वही भरत आलीय. आज त्या वहीबद्दलच लिहायचंय.

नवीन कोणी वाचत असेल तर थोडक्यात, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो, सहा वर्षं झाली ऑर्गन शिकतोय, आमचा ग्रुप पूर्ण हौशी आहे, वर्गणी काढून प्रयोग करतो. माझी जागा स्टेजच्या खाली उजव्या बाजूला, तोंड नटांकडं आणि पाठ प्रेक्षकांकडं. त्यामुळं मला प्रेक्षक दिसत नाहीत, ऐकू येतात. पहिल्या प्रयोगानंतर घरी येऊन, जेवायच्या आधीच, कुठल्या पदाला मागून काय आवाज आला ते आठवेल तसं लिहून काढलं. मग प्रत्येक प्रयोगाला ती सवयच लागली. टाळी, वाहवा, शिट्टी, खोकला, खुर्चीची करकर, पोर रडलं, कुणाचा मोबाईल वाजला, सगळं पदाच्या नावासमोर लिहायचं.

मानापमानच का हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. खाडिलकरांचं हे नाटक १२ मार्च १९११ ला पहिल्यांदा आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गोविंदराव म्हणजे आपल्या कोल्हापूरचा माणूस, स्वतः पेटीवाला. त्याच्या आधी नाटकात साकी, दिंडी अशी जुनी वृत्तं, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकी चाली असं सगळं असायचं, टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचं वळण आणलं आणि नाटकातलं गाणं एकदम नाजूक झालं. पुढं १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' सिनेमात हरिश्चंद्रही तेच आणि संगीतही त्यांचंच, तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरातच होती. पेटी वाजवणाऱ्यानं या माणसाची पदं वाजवायला बसायचं म्हणजे माझ्यासाठी देवळात जाण्यासारखंच आहे. आणि दुसरं कारण गायक-नट केशवराव भोसले. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी जो संयुक्त मानापमान (दोन नाटक कंपन्यांचा मिळून) झाला त्यात बालगंधर्व भामिनी म्हणजे नायिका आणि केशवराव धैर्यधर म्हणजे नायक. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

त्यांच्या नावाचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळलं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. मी त्या रात्री शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभा होतो, आजूबाजूला माणसंच माणसं आणि कोण काही बोलत नव्हतं. शाहू महाराजांनी कुस्तीला मैदान दिलं आणि त्याला लागूनच नाटकाला थिएटर दिलं, १९१५ चं ते पॅलेस थिएटर, माझ्या आजोबांपासून आमच्या घरातली प्रत्येक पिढी तिथं नाटक बघून आलेली. आमचा ग्रुप त्याच आठवड्यात ठरवून मोकळा झाला की करायचं तर मानापमानच करायचं, हॉल मिळेल तिथं करायचं.

तर पहिला प्रयोग. छोटा हॉल, दीडेकशे माणसं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, नांदी झाली, नमन नटवरा. नांदी संपली आणि मागनं काहीच आलं नाही. टाळी नाही, खोकला नाही. मला वाटलं श्रुती चुकली काय. मग कुणीतरी म्हातारं माणूस अगदी हळू आवाजात "आहा" म्हणालं आणि त्याच्यानंतर टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. विंगेतल्या आमच्या सरांनी डोळे पुसलेले मी बघितले. त्या दिवशी 'नाही मी बोलत'ला वन्स मोअर आला, 'चंद्रिका ही जणू'ला आला, सगळं अपेक्षेप्रमाणं. पण घरी येऊन लिहायला लागलो तर एक गोष्ट खटकली, दुसऱ्या अंकात जवळजवळ प्रत्येक पदाच्या आधी खोकला आहे. पदात नाही, पदाच्या आधी! म्हणजे नटाचं वाक्य संपलं, मी पेटीवर तुकडा वाजवायला घेतला, की माणसं खोकून घेत होती, पाय हलवून घेत होती.

दुसरा प्रयोग एका कॉलेजच्या हॉलला, पोरंपोरी खच्चून. २०२५ च्या जानेवारीत मानापमानवर सिनेमा येऊन गेला होता त्यामुळं नाव सगळ्यांना माहीत, पण नाटक बघितलेलं कुणी नाही. इथं एक नवीन गोष्ट कळली. माझ्या पेटीच्या वरच्या फळीला मी स्वतः पॉलिश केलंय, चार हात मारलेत, अगदी आरसा झालाय, आणि त्या फळीत मागच्या मोबाईलचा उजेड दिसतो. सुरुवातीला फळी काळी होती. पहिल्या पदाच्या आधी दोन-तीन ठिपके, ते पद चालू झालं तसे विझले. दुसऱ्या पदाच्या आधी दहा-बारा. चौथ्या पदापर्यंत फळीवर सगळं चांदणंच पडलेलं, आणि यातला जो उजेड स्थिर होता तो रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा, हलत होता तो स्क्रोल करणाऱ्यांचा, हे मला दोन-तीन पदांनी ओळखता यायला लागलं. आणि पद रंगात आलं की हलणारे ठिपके परत कमी व्हायचे. प्रत्येक वेळी.

लक्ष्मीधराला मात्र पोरांनी डोक्यावर घेतलं. दागिन्यांनी मढलेला श्रीमंत भेकड माणूस, तो स्टेजवर आला की हसायला सुरुवात, आणि आमचा लक्ष्मीधर करणारा भाऊ एवढा तयारीचा की हशा ओसरायच्या बरोबर आधी पुढचं वाक्य टाकतो. भामिनीच्या तोंडच्या जड वाक्यांना पण एक-दोन ठिकाणी हसले, ते आम्हाला लागलं, विशेषतः भामिनी करणाऱ्या ताईंना. पण भामिनी धैर्यधराच्या गरिबीवरून त्याचा अपमान करते तिथं हॉल चिडीचूप झाला, पोरांना ते बरोबर कळलं, ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

प्रयोग संपल्यावर वायरी गुंडाळत होतो तर एक पोरगा आला, हात बांधून उभा राहिला, म्हणाला, "काका, गाणी लई भारी होती. पण गाणं म्हणायच्या आधी सगळे थांबतात का?" मी त्याला सांगायला गेलो की गायकाला सूर द्यायला लागतो, आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की वहीतला खोकला आणि फळीवरचे ठिपके हे दोन्ही एकच आहेत. माणसं पदाला कंटाळत नाहीत. संवाद संपून पद सुरू होईपर्यंत जी पोकळी पडते, तिला कंटाळतात. ती पोकळी मी वाजवत होतो, आठ-दहा सेकंदांचा तुकडा, छान नटवून.

यावर ग्रुपमध्ये भरपूर वादावादी झाली. सरांचं म्हणणं पदंच कमी करू, मुळात पाच अंकी नाटक, आम्ही ते आधीच तीन तासांच्या आत आणलेलं. तबल्यावरचे आमचे अण्णा सत्तरीचे आहेत, त्यांनी लहानपणी जुन्या कंपन्यांतली माणसं ऐकलीत, ते म्हणाले अरे पदाला हात लावू नका, नट बोलत असतानाच पेटीनं सूर धरायचा असतो, त्याचा शेवटचा शब्द सुरात पडला पाहिजे. झालं, मग तेच करायचं ठरलं. ऐकायला सोपं आहे पण नऊ संध्याकाळी गेल्या त्यात. कारण माणूस बोलतो ते त्याच्या बोलण्याच्या पट्टीत, ताईंचं बोलणं खाली आणि गाणं काळी चारमध्ये (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून), धैर्यधर काळी एकमध्ये गातो, दोघांचा प्रवेश असला की मला वाक्यावाक्याला पट्टी सांभाळायची. पूर्वी स्त्रीभूमिकाही पुरुषच करायचे, त्यामुळं हा पट्ट्यांचा घोळ त्यांना एवढा पडत नसावा असं मला वाटतं. शेवटी आम्ही असं केलं की पदाच्या आधीच्या वाक्याच्या मध्यापासून मी नुसता षड्ज म्हणजे 'सा' धरतो, एकदम बारीक, पायानं भाता जेमतेम हलवत, आणि वाक्य चढत जाईल तसा पंचम म्हणजे 'प' मिसळतो. तुकडा वगैरे सगळा रद्द. ताईंना पहिले चार दिवस ते खाली कुजबुजल्यासारखं वाटून त्रास झाला, पाचव्या दिवशी त्यांचा शेवटचा शब्द असा काही सुरावर टेकला की अण्णांनी तबल्यावर थाप मारायची सोडून हात जोडले.

तिसरा प्रयोग गणपतीत, एका मोठ्या मंडळाचा मांडव, पाच-सहाशे माणसं तरी असतील, निम्मी खाली सतरंजीवर. इथं खोकल्याचा प्रश्नच नव्हता, आवाजच एवढा. पोरं पळतायत, मागं वडापावची गाडी, लाऊडस्पीकर. पण षड्ज धरायला लागलो तसं मागचा कालवा हळूहळू खाली बसत गेला, मला ते पाठीला जाणवलं. 'युवती मना'ला शिट्ट्या, 'चंद्रिका ही जणू'ला वन्स मोअर दोनदा. दुसऱ्या वन्स मोअरला आमच्या धैर्यधरानं अस्ताईच्याच (पदाच्या पहिल्या भागाच्या) दोन जागा वेगळ्या घेतल्या आणि कुस्तीच्या तालमीकडच्या बाजूनं आरोळी आली, "है शाब्बास!" ही कुस्तीच्या मैदानातली आरोळी आहे हो, डाव बसल्यावर येते ती. नाट्यपदाला ती आलेली मी पहिल्यांदा ऐकली आणि वहीत तिच्याखाली दोन रेघा मारल्यात.

त्याच प्रयोगात मधल्या सप्तकाचा कोमल निषाद (कोमल 'नी') अडकला. मांडवाची धूळ. पट्टी दाबली की नुसता हवेचा फस्स. पुढचं पद निघेपर्यंत तो चुकवत वाजवलं, मध्यंतरात मागची फळी काढून त्या पितळी सुराच्या (पेटीत आवाज काढणारा पितळी भाग, त्यालाच आम्ही सूर म्हणतो) जिभेखालून कागदाची पातळ पट्टी सरकवली, बोलायला लागला पण थोडा चढलेला. जीभ टोकाला झिजली की सूर चढतो, बुडाकडं खरवडली की उतरतो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच, पण मध्यंतरात बॅटरीच्या उजेडात जुन्या सुराला कानस लावायची माझी हिंमत झाली नाही. तो अजून तसाच आहे, किंचित चढा.

चौथा प्रयोग शाहू स्मारकला, पंधरा दिवसांपूर्वी. मिश्र प्रेक्षक, दसरा चौकातून सहज शिरलेले पण होते. खोकला वहीत फक्त चार ठिकाणी. फळीवर ठिपके पहिल्या अंकात पाच-सहा, नंतर फळी काळीच. पण या प्रयोगाचं खरं सांगायचं ते वेगळंच आहे. माझ्या बरोबर मागं पहिल्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, नातीनं धरून आणलेल्या. नांदीपासून त्या गुणगुणत होत्या, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू. 'नाही मी बोलत'ला मी षड्ज धरला, ताईंचं वाक्य अजून संपायचं होतं, आणि आजींनी पदाचा पहिला शब्द उच्चारला. वाक्य कुठं संपणार आणि पद कुठं उचलणार हे त्यांच्या अंगात होतं. पुढं सगळं पद त्या अर्धा मात्रा आधी म्हणत गेल्या, आणि एका जागी ताईंनी जे वळण गाळलं होतं ते त्यांनी घेतलं. मी त्या वळणाचे दोन सूर पेटीवर दिले, ताईंनी ऐकलं, दुसऱ्या आवर्तनात घेतलं. हॉलमधून वाहवा आली. ती दाद कुणाला होती ते फक्त मला आणि आजींना माहीत.

त्याच दिवशी एक काका आत येऊन आमच्यावर बरेच चिडले, तुम्ही पदं कापली, 'युवती मना'चा अंतरा (पदाचा पुढचा भाग) अर्धाच ठेवलात, हा अपमान आहे नाटकाचा. सर त्यांना वेळेचं गणित सांगत बसले. मी गप्प होतो पण वहीप्रमाणं काकांचं म्हणणं बरोबर आहे. चारही प्रयोगांत जिथं पद छाटलंय तिथं टाळी तोकडी आहे, लोक तयार होतात आणि पद संपतं. कापायचं असेल तर पदाच्या आजूबाजूचं कापावं, निरोप आणणारे-नेणारे प्रवेश आहेत त्यातली चार-पाच मिनिटं सहज निघतात. हे मी वही घेऊन सरांसमोर बसून दाखवलं, पानं उलटून उलटून, आणि त्यांनी ऐकलं. 'युवती मना' पुढच्या प्रयोगापासून पूर्ण होणार.

पाचवा प्रयोग दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत माझी कामं अशी, तो कोमल निषाद काढून शांतपणे घरी लावायचा, ताईंच्या त्या वळणाची तालीम, आणि धैर्यधराच्या दोन पदांना अजून मी वाक्याच्या फार आधी सूर धरतोय असं अण्णांचं म्हणणं आहे ते तपासायचं. कुणाकडं जुन्या जर्मन सुरांचा मोडका संच पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. आणि आजींच्या नातीचा नंबर घेतलाय, पुढच्या तालमीला आजींना घेऊन ये म्हटलंय, गुरुवारी येतो म्हणालीय.