५२.७

मंगळवार, रात्री उशिरा

घडलं काहीच नाही. शरीरात शिरणाऱ्या रेडिओ लाटांचं आमचं कॉम्प्युटर मॉडेल बघताना नव्या मुलीने एक प्रश्न विचारला, एवढंच. "ताई, स्नायूचं हे ५२.७ कुठल्या फ्रिक्वेन्सीचं?"

२.४५ गिगाहर्ट्झचं, मी पटकन सांगितलं. परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते) ५२.७, कंडक्टिव्हिटी (वीज किती वाहू देतो ते) १.७४ सिमेन्स प्रति मीटर. तोंडपाठ आहे. ती "अच्छा" म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. ते लिहून घेणंच झोंबलं. मॉडेलमध्ये आपण सोडतो ती पल्स, म्हणजे लाटेचा क्षणिक ठोका, १ ते १० गिगाहर्ट्झ पसरलेली आहे, हे मला तिने पेनाचं टोपण लावेपर्यंत आठवलं नव्हतं. तिला बहुधा अजूनही आठवलेलं नाही.

सहा महिने. सगळ्या बँडला, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या त्या अख्ख्या पट्ट्याला, एकच आकडा.

घरी येऊन पाठीमागच्या कोऱ्या कागदावर हिशेब केला. १० गिगाहर्ट्झला स्नायूची परमिटिव्हिटी ४३ च्या आसपास येते. त्याचं फार नाही. पण कंडक्टिव्हिटी साडेदहाच्या वर जाते, म्हणजे माझ्या आकड्याच्या सहापट. खरी लाट तिथे साधारण ३.३ मिलिमीटरमध्येच क्षीण होते. माझ्या मॉडेलमध्ये ती २२ मिलिमीटर जात होती. कारण स्थिर कंडक्टिव्हिटी घेतली की वरच्या टोकाला लाट शिरण्याची खोली बदलतच नाही. तीन सेंटिमीटर आतल्या थरावरून येणारा तो रेखीव प्रतिध्वनी, ज्याला सर "वा!" म्हणाले होते, त्याची अर्धीअधिक तीक्ष्णता अशा लाटांची होती ज्या तिथवर पोचल्याच नसत्या.

चूक झाली याचं एवढं नाही. चुका होतात. आलेख इतका देखणा होता याचंच वाईट वाटतंय. वेडावाकडा आला असता तर मीच शंका घेतली असती. मटेरियलची फाइल माझ्या आधीची आहे, त्यात फ्रिक्वेन्सीचा रकानाच नाही, हे सगळं खरं. मला कुणी विचारलं का नाही, असंही मघाशी वाटून गेलं. पण मी तरी कुणाला विचारलं होतं? देखणं दिसलं की हात आवरता घ्यायचा ही सवय फक्त कामापुरती आहे का, तेही... असो.

स्नायू तोच, पण १० हर्ट्झला त्याची परमिटिव्हिटी अडीच कोटींच्या घरात असते आणि १० गिगाहर्ट्झला ४३. खाली आयन पेशीपटलांच्या कडेकडेने सरकत बसतात, मधल्या पट्ट्यात पटलं भारित होतात, वर फक्त पाण्याचे रेणू वळायचा प्रयत्न करतात आणि शेवटी त्यांनाही जमेनासं होतं. 'स्नायूचा आकडा' असा काही नसतोच. हे मीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, फळ्यावर पायऱ्या काढून. शिवाय ऊतींचे हे गुण फ्रिक्वेन्सीनुसार कसे बदलतात ते सांगणारी, गॅब्रिएल मंडळींनी १९९६ मध्ये दिलेली ती चार पदांची कोल-कोल समीकरणंही.

झोप येत नव्हती म्हणून दुरुस्तीला बसले. कोल-कोलमधला घातांक अपूर्णांकी. फ्रिक्वेन्सीत त्याचा काही त्रास नाही. टाइम-डोमेनमध्ये, म्हणजे क्षणाक्षणाने पुढे सरकत लाट मोजताना, मात्र त्याचं अपूर्णांकी डेरिव्हेटिव्ह होतं, आणि त्याला प्रत्येक पायरीवर पहिल्यापासूनचा सगळा इतिहास हवा असतो. (मी आज तशीच वागतेय.) म्हणून आपल्या बँडपुरती डिबायच्या, म्हणजे अपूर्णांकी घातांक नसलेल्या साध्या सूत्राच्या, दोन-तीन पदांची बेरीज त्यावर बसवायची. डिबायला मागची एक पायरी आठवली तरी भागतं.

पहिलं फिट झक्कास बसलं, रेघ सगळ्या बिंदूंवरून गेली. रन लावला, चहा करून आले, तर फील्ड वाढतंच चाललेलं. एका पदाचा डेल्टा-एप्सिलॉन (त्या पदाचा परमिटिव्हिटीतला वाटा) ऋण आला होता आणि बँडच्या बाहेर लॉसच, म्हणजे ऊर्जेचा ऱ्हासच, ऋण झाला होता. म्हणजे स्नायू ऊर्जा खाण्याऐवजी वाटत सुटला होता. एकटीच हसले. पुन्हा देखणी रेघ, पुन्हा मी फसले, तेही त्याच रात्री.

सगळी पदं धन ठेवण्याची अट घातली. फिट जरा ओबडधोबड आलंय, ७ गिगाहर्ट्झजवळ थोडं सुटतं. चालेल. तसंही गॅब्रिएल मंडळींच्या मूळ मोजमापांतली बरीचशी कापून काढलेल्या मेंढीच्या ऊतींवरची आहेत, आणि आपण ऐटीत 'मानवी मॉडेल' म्हणतो.

नवा रन संपला. प्रतिध्वनी आहे, पण बसका, रुंद, गोंगाटात अर्धा बुडालेला. सरांना मेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. विषयाच्या ओळीत काय लिहावं तेच सुचेना, आणि गेल्या वेळचं ते... नको, उद्या.

आत्ता तिचा मेसेज आलाय. "ताई, फाइलमध्ये चरबीचा पण एकच आकडा आहे, त्याचंही बघू का?"

म्हणजे तिला आठवलं होतं तर. बघ म्हटलं.