फ्लोरिडात घराच्या विम्याचा हप्ता वाढलाय? आधी माळ्यावर चढा

नूतनीकरणाची नोटीस आली की लोक कंपन्यांचे दर विचारत सुटतात. त्याआधी विंड मिटिगेशन तपासणी, म्हणजे घर वादळी वाऱ्याला किती टिकेल याची तपासणी करून घ्या. अहवाल पाच वर्षांपर्यंत चालतो, आणि त्यावर सवलत देणं फ्लोरिडात कंपन्यांना बंधनकारक आहे.

सवलत बरेचदा अडते ती छत आणि भिंतीच्या जोडात. बॅटरी घेऊन पाहा: ट्रसला, म्हणजे छताच्या लाकडी सांगाड्याला, भिंतीशी धरणाऱ्या धातूच्या क्लिपला किमान तीन खिळे लागतात. दोनच असले तर तो जोड तिरप्या खिळ्यांत, म्हणजे सगळ्यात कमकुवत प्रकारात धरला जातो. एकेक खिळा वाढवणं छत बदलण्यापुढे किरकोळच. खिडक्यांवरच्या वादळी शटरचं मात्र सगळं किंवा काहीच नाही. काचेची एक खिडकी संरक्षणाविना राहिली तरी शटरची पूर्ण सवलत हातची जाते.

हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे चक्रीवादळाच्या नुकसानीत आधी स्वतः भरायचा टक्का, वाढवला की हप्ता उतरतो खरा, पण तो टक्का नुकसानीवर नव्हे, घराच्या विमा रकमेवर लागतो. ४ लाख डॉलरवर २ टक्के म्हणजे ८,००० खिशातून. ५ टक्के म्हणजे २०,०००. तेवढे बाजूला नसतील तर या वाटेला जाऊ नका.

पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी पूर पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळ टीव्हीवर दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही.