जीपच्या ट्रान्स्फर केसमधला सव्वा इंचाचा शाफ्ट

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याजवळच्या एका चिखलाच्या उतारावर माझ्या १९८९ च्या एमएम ५४० या महिंद्रा जीपचा लो गिअर (अवघड वाटेसाठीचा संथ, जास्त ताकदीचा गिअर) अचानक निसटला आणि गाडी केवळ ब्रेकच्या भरवशावर घसरत खाली आली. त्याआधी वर्षभर ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पोचवणारी पेटी, प्रत्येक गिअरमध्ये रडत होती, हँडब्रेक धरत नव्हता, आणि गाडी उभी असेल तिथे तेलाचा डाग पडत असे. जुनी गाडी म्हटल्यावर हे चालायचेच, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. त्या उतारानंतर मात्र पेटी उतरवण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ही पेटी म्हणजे स्पाइसर १८ या जुन्या रचनेचे देशी रूप. १९४१ च्या विलीज एमबीमध्ये ती १.९७ च्या लो गुणोत्तरासह (लोमध्ये वेग इतक्या पट घटतो) आली, आणि युद्धानंतरच्या सीजे या नागरी जीपच्या मालिकेत तेच गुणोत्तर २.४६ झाले. तिचे वैशिष्ट्य, आणि दुखणेही, असे की लिव्हर हायमध्ये असो वा लोमध्ये, गिअरबॉक्सची ताकद मधल्या जोडगिअरमधूनच (एकाच तुकड्यातले दोन गिअर) पुढे जाते. हा जोडगिअर एका स्थिर शाफ्टवर सुईबेअरिंगांच्या, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरांच्या आधाराने फिरतो, आणि त्या रोलरांना वेगळी आतली रेस (ज्यावर ते फिरतात ते कडे) नसते. शाफ्टचा पृष्ठभागच रेसचे काम करतो. त्यामुळे आवाज आला की लोक गिअरच्या दातांवर संशय घेतात, पण खरा अपराधी बहुधा हा शाफ्ट असतो.

पेटी काढताना मागचे झाकण उघडून गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवरचा नट आणि गिअर आधी काढावा लागतो. पेटी ओढताना मेनशाफ्टही तिच्याबरोबर सरकून गिअरबॉक्समधला संसार विस्कटू नये, म्हणून त्याला तारेचा फास घालून पुढे बांधून ठेवावे. शिफ्टचे दांडे काढताना, त्यांना जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगवरच्या छऱ्याच्या भोकावर फडके धरावे. मी धरले नाही, आणि एक छर्रा शोधण्यात संपूर्ण संध्याकाळ गेली.

जोडगिअर बाहेर आला तेव्हा शाफ्टवर जिथे रोलर फिरतात तिथे दोन पट्टे झिजून नखाला लागतील इतके खोल गेले होते. पितळी थ्रस्ट वायसरची जीभ तुटून वायसर गिअरबरोबर फिरला होता आणि त्याने पेटीच्या आतल्या भिंतीला गोल ओरखडा पाडला होता. लो निसटण्याचे कारणही समोर दिसत होते: सरकत्या गिअरच्या दातांच्या कडा गोल झालेल्या, तो सरकवणारा फोर्क एका बाजूने घासलेला, छऱ्याची स्प्रिंग बसलेली, आणि आउटपुट शाफ्टला मागेपुढे स्पष्ट हालचाल. यांतला एकेक दोष पेटीने कदाचित सोसलाही असता.

सुटे भाग घेण्यात मी घाई केली. या शाफ्टचे व्यास काळाप्रमाणे बदलत गेले आहेत. युद्धकाळातल्या जीपमध्ये तो पाऊण इंच होता आणि पुढे सव्वा इंचापर्यंत वाढला. ‘जीपचा शाफ्ट द्या’ एवढेच सांगून आणलेला माझा शाफ्ट एक अष्टमांश इंचाने बारीक निघाला. व्यास मोजायचा व्हर्नियर घरातच पडला होता, हे विशेष. शाफ्ट, रोलर आणि वायसर नेहमी एकत्रच बदलावेत. झिजलेल्या शाफ्टवर नवे रोलर घालणे म्हणजे पैसे तेलात टाकणे.

जुळवणीत सर्वांत नाजूक काम हेच आहे. मी लाकडी दांडक्याचा, गिअरच्या लांबीपेक्षा किंचित तोकडा, खोटा शाफ्ट करून घेतला. त्याभोवती ग्रीसमध्ये चिकटवून एकेक रोलर लावला, वायसरही ग्रीसनेच पेटीच्या भिंतीला चिकटवले, आणि खरा शाफ्ट मागून हळूहळू ठोकत खोटा पुढे ढकलत नेला. दोनदा रोलर पडले, तिसऱ्यांदा जमले. शेवटी पडलेले सगळे रोलर सापडल्याची मोजून खात्री करावी, कारण राहिलेला एक रोलर दातांत अडकला तर सगळे श्रम वाया जातात.

आउटपुट शाफ्टच्या टेपर बेअरिंगांचा ताण मागच्या टोपीखालच्या शिमांवर (पातळ पत्र्याच्या चकत्यांवर) ठरतो. शिम जास्त झाल्या तर शाफ्ट खेळतो, कमी झाल्या तर बेअरिंग जळते. मी पातळ शिम एकेक करून काढत गेलो आणि डायल गेजने प्रत्येक वेळी मोजत गेलो.

हँडब्रेकचे रहस्य मागच्या सीलमध्ये होते. या पेटीत हँडब्रेकचा ड्रम आउटपुट शाफ्टवरच बसतो, त्यामुळे सील गळले की तेल थेट लायनिंगवर जाते. मी पूर्वी दोनदा नुसते सील बदलले होते. पण सील ज्यावर घासते त्या योकवर (आउटपुट शाफ्टच्या टोकाचा जोड) खाच पडली होती, आणि नवे सील त्याच खाचेत बसून पुन्हा गळत होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरने योकवर पातळ बाही चढवून दिली. तेलाने भिजलेले लायनिंग धुण्याचा खटाटोप न करता मी नवेच घातले.

नव्वद नंबरचे गिअर तेल भरताना पितळी वायसरांना चालेल अशा प्रतीचे घेतले. पेटीची आणि गिअरबॉक्सची पातळी आठवडाभर रोज पाहिली, कारण दोहोंमधले सील बिघडले तर एकाचे तेल दुसऱ्यात जाते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. पातळी हलली नाही. पेटीचा रडका सूर पुष्कळ कमी झाला, पूर्ण गेला नाही. जुने दात बदललेले नाहीत, तेव्हा तेवढा राहणारच. त्याच उतारावर लो टिकला. गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर महिन्याभरात दोन थेंब पडले आहेत, पण ते इंजिनाचे आहेत.