आमची वाटचाल : तापकीर गल्लीतून निघालेला किरण

आमच्या लेसर कटिंगच्या दुकानात गणपतीशेजारी कुमार पटेल यांचा फोटो आहे. "हे तुमचे वडील का?" असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. पटेल बारामतीत जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर बनवला. आमची रोजीरोटी लेसरच्या ज्या नळीवर चालते ती मुळात त्यांची. पलीकडच्या पेठेत एकाने 'पुण्यातील पहिले लेसर' अशी पाटी लावली आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

धंदा करायचा असं मनात नव्हतंच. २०११ साली मी मिक्सर-पंखे दुरुस्त करायचो. पुण्यातल्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, भंगारातले डीव्हीडी रायटर मिळायचे. त्यातला लाल लेसर डायोड काढायचा, एलएम ३१७ ही रेग्युलेटर चिप आणि ५ ओहमचा रेझिस्टर लावून करंट २५० मिलिअँपियरला बांधायचा, भिंग घट्ट करायचं. किरणाने पहिली काडी पेटली तेव्हा आईला झोपेतून उठवून दाखवली. पण डायोड फार नाजूक. हाताच्या स्टॅटिकनेही मरतो, आणि मेल्यावरही एलईडीसारखा मिणमिणत राहतो, त्यामुळे कळतही नाही. असे सात मारले. आठवा अजून ड्रॉवरमध्ये आहे.

नव्या पोरांना सांगतो, कोणी विचारलेलं नसलं तरी. गॉगल आधी, लेसर नंतर. लाल किरणाचा गॉगल निळ्याला चालत नाही, त्यावर छापलेली तरंगलांबी वाचा. स्वस्तातला हिरवा पॉइंटर तर घेऊच नका. त्यात बऱ्याचदा फिल्टरच नसतो, आणि हिरव्याबरोबर न दिसणारं इन्फ्रारेड बाहेर येतं. दिसतच नाही म्हटल्यावर डोळा मिटणार कसा?

२०१५ साली निम्मे-निम्मे पैसे घालून ४० वॅटची कार्बन डायऑक्साइड लेसर मशीन आणली. भागीदार कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) बघायचा, मी किरण वळवणारे आरसे. तीन आरसे, एक पिवळसर लेन्स. लेन्सच्या तोंडाला टेप चिकटवायची, एक पल्स मारायची, डाग बघायचा. मग बेडच्या चारही कोपऱ्यांत तेच. चारही डाग एकाच जागी पडेपर्यंत पहाट झाली. आज लोक मशीन उतरवतात आणि दुपारी चावी-कड्या विकायला बसतात. आरशाला हात न लावलेला माणूस स्वतःला लेसरवाला म्हणवतो, हे मला अजून पचत नाही.

२०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाट्यांच्या) मखरांची झुंबड उडाली. गणपतीला पंधरा दिवस असताना भागीदार निघून गेला. सोबत मखरांच्या सगळ्या कोरल फायली आणि दोन मोठी मंडळं. जाण्याच्या आठवडाभर आधी तो रात्री एकटाच थांबून मशीनवर काहीतरी कापत होता. मी विचारलं नाही.

चार दिवसांनी नळी गार ठेवणाऱ्या पाण्याच्या बादलीतल्या पंपात शेवाळ अडकलं. पाणी थांबलं, मशीन चालूच. नळी भाजत होती आणि मी फोनवर मंडळांची समजूत काढत होतो. लक्षात आलं तेव्हा घाबरून बादलीत बर्फ टाकला आणि पंप झटकून सुरू केला. गरम काचेत गार पाणी! तडकल्याचा आवाज अजून कानात आहे. पाणी थांबलं की लेसर बंद करणारा फ्लो स्विच बसवू या, असं भागीदार पहिल्या वर्षापासून म्हणत होता. तेवढं त्याचं खरं होतं.

नवी नळी यायला तीन आठवडे. सगळ्यांचे ॲडव्हान्स परत केले. त्याच संध्याकाळी आमचे सर आले. निवृत्त शिक्षक, पहिल्या वर्षापासून शाळेची साठ सन्मानचिन्हं आमच्याकडेच. पाकीट काढून म्हणाले, "पुढच्या वर्षीचे आत्ताच ठेवा. ॲक्रिलिक मात्र ओतीवच हवं." शिक्षक ते शिक्षकच. पण बरोबर होतं. ओतीव शीटवर कोरलेलं पांढरं उठतं, दुसऱ्यावर मळकट दिसतं.

पुढची वर्षं चांगली गेली. आता तीन मशिनी आहेत, तिन्हींना फ्लो स्विच.

गेल्या दिवाळीनंतर भागीदार आला. त्याच्या मशीनच्या पट्ट्यांना गंज, लेन्स धुरकट. काय कापलंस विचारलं, तर रेक्झिन. अरे, त्यात पीव्हीसी! हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर छातीत जातो आणि मशीनही खातो. तांब्याची तार तापवून मालाला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर तो माल लेसरखाली घ्यायचा नाही. हे त्याला मीच शिकवलं होतं. लेन्स दिली, बिलही दिलं.

मग त्याच्या दुकानावरून गेलो. 'पुण्यातील पहिले लेसर', ३ मिलिमीटर काळं ॲक्रिलिक. 'ल'च्या पोटात कड जराशी वितळलेली आहे. तेव्हा आमचा दुसरा आरसा केसभर हलला होता, त्याची खूण. त्या शीटचे पैसे अजून यायचे आहेत.