सकाळची शाळा आणि आठवीच्या पोरींची यादी

गेल्या सोमवारपासून शाळा सकाळची झाली. सातला घंटा म्हणजे सहाच्या आत तवा गॅसवर, पोरगा अर्धवट झोपेत एक मोजा घालून दुसरा शोधतोय, अंगणभर कडुनिंबाची वाळलेली पानं आणि वर झाडाला नवी तांबूस पालवी. आमच्या माण तालुक्यात वसंत असाच येतो. शाळू काढून झालेला असतो, रानात कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केलेली असते, आणि नेमकी ह्याच दोन महिन्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा वर्षातली सगळ्यात जास्त गजबजलेली असते. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे, हे दुसरं वर्ष, त्यामुळं यंदा सगळं जवळून बघायला मिळालं आणि लिहायचं कधीपासून मनात होतं.

सुरुवात निकालापासूनच करते कारण गावात चर्चा त्याचीच आहे. आठवीच्या मुलांना एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, डिसेंबरात. ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत आहे आणि जी मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकतात त्यांच्यासाठी. बुद्धिमत्तेचा एक पेपर, शालेय विषयांचा एक पेपर, दोन्हीला 90-90 प्रश्न. आमच्या शाळेतून यंदा अकरा जण बसले, सात पास झाले आणि निवड यादीत दोन पोरींची नावं आली. पास होणं वेगळं आणि यादीत येणं वेगळं हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. पास बरेच होतात, पण शिष्यवृत्तीचा कोटा ठरलेला असतो, अख्ख्या महाराष्ट्राला मिळून 11,682. त्यात आमच्या गावातल्या दोन. बाईंनी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर यादीचा फोटो टाकला, त्यात दोन नावांना पिवळा रंग मारलेला, आणि मी तो फोटो किती वेळा झूम करून बघितला असेल मलाच माहीत नाही.

रक्कम सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय ह्याचं मोल कळत नाही. महिन्याला 1,000 रुपये, म्हणजे वर्षाला 12,000, नववी ते बारावी अशी चार वर्षं. एकूण 48,000. शहरातल्या कुणाला हा आकडा लहान वाटेल. पण आमची शाळा आठवीपर्यंतच आहे, नववीला पोरींना दुसऱ्या गावी जावं लागतं, आणि "कशाला आता पुढं, जायचा-यायचा खर्च कोण करणार" हे वाक्य मार्च-एप्रिलातच घराघरात बोललं जातं. ते वाक्य अडवायला 12,000 रुपये पुरतात. ह्या दोघींपैकी एक मेंढपाळाच्या घरातली आहे. आईबाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतात ते पावसाच्या तोंडावर परत येतात, ही आज्जीजवळ राहून शिकते. नाव लिहीत नाही, तिच्या आईला विचारलेलं नाही अजून. निकाल लागला तेव्हा त्यांचा मेंढरांचा वाडा कुठंतरी घाटाखाली होता, सरांनी फोन लावला तर रेंज नाही, शेवटी रात्री बापाचा फोन आला. आज्जीनं स्पीकरवर टाकला आणि एवढंच म्हणली, "तुझ्या पोरीनं काढलं बग नाव." पलीकडनं बराच वेळ मेंढरांचाच आवाज येत होता.

आता ह्याच्यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गेल्या वर्षी माझी पुतणी यादीत आली होती. पेढे वाटले, सत्कार झाला, गुलाबाचं फूल, नारळ, फोटो. आणि मग नववीत गेल्यावर पोर्टलवर अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कळलं की आधार कार्डावर तिच्या नावाचं स्पेलिंग एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. एका अक्षराचा फरक. आधार दुरुस्त करायला गेलो तर तिथं जन्माचा दाखला मागितला, दाखल्यावर नुसतं आडनाव आणि बापाचं नाव, पोरीचं नावच टाकलेलं नाही. ते टाकून घ्यायला वेगळी फेरी. उत्पन्नाच्या दाखल्याला वेगळी. बँकेत खातं होतं पण ते आधारला जोडलेलं नव्हतं, आणि पैसे थेट खात्यात येतात म्हणजे जोडलेलं नसेल तर विषयच संपला. माझ्या जावेनं शेतावरचा रोज बुडवून सात चकरा मारल्या. मुदत संपायला चार दिवस राहिले होते तेव्हा अर्ज गेला. त्या काळात पोरगी रोज संध्याकाळी विचारायची, "काकी, झालं का?" आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं. अभ्यास तिनं केला होता, पेपर तिनं सोडवला होता, आणि अडकली कशात तर आम्ही मोठ्यांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी न बघता लिहून घेतलेल्या एका अक्षरात.

म्हणून ह्या वर्षी समितीच्या मीटिंगमधे मी पहिल्यांदा उभी राहून बोलले. म्हणलं, सत्कार नंतर करू, आधी कागदं बघू. मुख्याध्यापकांनी लगेच मान्य केलं, आणि मार्चच्या पहिल्या शनिवारी आम्ही आठवीच्या सगळ्या आईबापांना बोलावलं, नुसत्या दोन पोरींच्या नाही, सगळ्यांच्या. सतरंजी टाकली आणि प्रत्येकानं आधार, जन्माचा दाखला, पासबुक आणलं. पोरांनीच एकमेकांची कागदं तपासली, अक्षर न अक्षर, बोट ठेवून. एकोणीस पोरांपैकी सहा जणांच्या कागदात काही ना काही चूक निघाली. एकाची तर जन्मतारीखच 1 जून, जी आमच्याकडं अर्ध्या गावाची असायची पूर्वी, गुरुजींनी टाकलेली. आता दुरुस्तीला पाच-सहा महिने हातात आहेत. शिवाय सरांनी दोघींच्या घरी सांगितलं की शिष्यवृत्ती दरवर्षी रिन्यू करावी लागते, आपोआप चालू राहत नाही, आणि दहावीनंतर अकरावी-बारावीची मिळवायची तर दहावीला 60 टक्के लागतात, एससी-एसटीला पाच टक्क्यांची सवलत आहे. शाळा बदलताना पण बघावं लागतं, पुढची शाळा सरकारी किंवा अनुदानितच हवी. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलंय आणि इथं पण लिहितेय, कारण कुणीतरी वाचेल आणि घरातलं आधार कार्ड काढून बघेल.

माझा पोरगा पाचवीत, त्याची शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत झाली. दोन पेपर, 75-75 प्रश्न, एकूण 300 मार्क. आमच्या वेळी ही चौथीला आणि सातवीला असायची, मधे 2016-17 पासून पाचवी-आठवीला नेली. गणिताचे पन्नास प्रश्न वेळेत होत नाहीत म्हणून तो जानेवारीभर पहाटे उठायचा. निकाल अजून नाही. आला की आला.

बाकी ह्या दोन महिन्यात काय काय झालं ते सगळं सांगायचं तर पुरणार नाही, पण मराठी भाषा गौरव दिन सांगितलाच पाहिजे. 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. दरवर्षी फोटोला हार, दोन भाषणं, एक कविता. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला ते भाषण यंदा पण झालंच. पण सहावी-सातवीच्या बाईंनी पोरांना वेगळं काम दिलं होतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून असे पाच शब्द आणायचे जे पुस्तकात नाहीत. आणि काय शब्द आणले पोरांनी! मेंढका, खांड, कातरण, रानात मेंढरं बसवणं (म्हणजे रात्री मेंढरं एखाद्याच्या शेतात मुक्कामाला ठेवायची, लेंडीखत शेताला मिळतं आणि मेंढक्याला धान्य मिळतं). एका पोरानं मोटेच्या सगळ्या भागांची नावं आणली, त्याच्या आजोबांनी चित्र काढून दिलेलं. वाडा ह्या शब्दावर तर वादच झाला, एक म्हणतोय वाडा म्हणजे मोठं जुनं घर आणि आमची ती यादीतली पोरगी उभी राहून म्हणाली, "आमचा वाडा चालतो." मग तिनं सगळ्यांना समजावलं, घोडी, बिऱ्हाड, कोकरं, कुत्री, मागं चालणाऱ्या बाया, रोज नवं रान. आठ वर्षं ह्या शाळेत आहे ती, पण असं सगळ्यांसमोर बोलताना तिला आम्ही पहिल्यांदा बघितलं. आता ते शब्द कार्डशीटवर लिहून व्हरांड्यात लावलेत, 140 च्या वर आहेत.

दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 ला आपला शोध जाहीर केला म्हणून तो दिवस. पोरांनी टेबलं मांडली होती. लिंबावर पेटणारा बारका दिवा, पाण्यातल्या आरशानं भिंतीवर पाडलेलं इंद्रधनुष्य, हे असतंच. मला आवडलं ते सातवीतल्या दोन पोरांचं, सलाईनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांनी शाळेच्या परसबागेतल्या वांगी-टोमॅटोला ठिबक केलं होतं. थेंब किती सोडायचा ते चाकीनं ठरवायचं. एक बाटली किती तासात संपते ते वहीत आठ दिवस लिहिलेलं, सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं. आणि शेजारच्या टेबलावर एका पोरीनं आपल्या सातारा जिल्ह्याचा मातीचा नकाशा केला होता, पश्चिमेला ढग अडवून उभा सह्याद्री, त्याच्या माथ्यावर महाबळेश्वर, तिथं पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला आपण, आपल्याकडं पाचशेला पण मारामार. ती कापसाचा ढग हातानं सरकवत न्यायची आणि डोंगरापाशी पाण्याची बाटली दाबायची. माणकडं येईपर्यंत बाटलीत काहीच उरायचं नाही. एक आजोबा बघून म्हणले, "आयुष्य गेलं, पर हे असं कुणी दावलं न्हवतं."

बालआनंद बाजार पण झाला, मेथी, कोथिंबीर, ताक, भेळ, चिंचा, डाळिंबं. पाचवीच्या पोरांना भांडवल, विक्री, नफा असे तीन रकाने करून आणायला लावले. माझ्या पोरानं ताक विकलं. नफा 95 रुपये आला म्हणून नाचत होता, सरांनी विचारलं दुधाचे पैसे कुठं धरलेस, तर म्हणे दूध घरचं आहे. मग म्हशीची पेंड, कडबा, आईची मेहनत असा हिशोब फळ्यावर सुरू झाला आणि अर्धा तास वर्ग त्यातच रंगला. त्या रात्री जेवताना तो आपणहून म्हणाला, "आई, तुझे तासाचे किती धरायचे?" मला पटकन काही बोलता आलं नाही.

आणि मैदान. सकाळच्या शाळेचा फायदा म्हणजे पोरं साडेसहालाच येऊन पळतात. सरांनी फक्कीनं आखलेला गोल आहे, तो 200 मीटरचा. मोही आमच्याच तालुक्यातलं, ललिता बाबर तिथली. 2016 ला रिओत 3,000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला गेली आणि दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमधे ट्रॅकची फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई. शेजारच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, तो पण झेडपीच्या शाळेतला, टोकियोला तिरंदाजीत गेला. आमच्या पोरांना ही नावं लांबची वाटत नाहीत, "मोहीची" म्हणतात, बास. यंदा आमची चौथीतली एक चिमुरडी धावण्यात तालुक्याला पहिली येऊन जिल्ह्याला गेली. तिथं पाचवी आली. स्पाइकचे बूट घातलेल्या पोरींबरोबर ती अनवाणी पळली. समितीनं वर्गणी काढून तिला बूट घेतलेत, एक नंबर मोठे, पुढच्या वर्षी पण यावेत म्हणून. ती ते हातात घेऊन शाळेत येते आणि मैदानावर आल्यावर घालते.

रंगपंचमीला पाणी उडवायचा प्रश्नच नव्हता, हळद आणि बीटाचा रंग केला बाईंनी. आता चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा आहे, कावडी मुंगी घाटातून चढतात तो दिवस आला की वर्ग निम्मे रिकामे असतात. त्यात परीक्षा आता एप्रिलच्या अखेरपर्यंत लांबल्यात, उन्हाचं पोरांचं हाल होतं. ह्यावर एकदा वेगळं लिहीन.

काल पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा झाला, पहिले पाऊल. दारात तोरण, पोरांच्या पायाचे कुंकवाचे ठसे कागदावर, मग एकेका टेबलावर रंग ओळख, उड्या मार, मणी मोज. नोंदणीच्या टेबलावर आठवीच्या त्या दोघी बसल्या होत्या. एक आई आली, कडेवर पोरगी, दोन बोटं तोंडात. मेंढपाळाची पोर रजिस्टर उघडून तयारच होती पण तिनं पेन ठेवलं. म्हणाली, "काकी, नाव तोंडी नको, आधार दाखवा. आणि जन्माचा दाखला आणलाय का?" त्या बाईनं पिशवीतनं प्लास्टिकमधे घडी घातलेला कागद काढला. पोरीनं तो दोन्ही हातांनी सरळ केला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, मग परत वाचलं, आणि मग लिहिलं.