तुम्ही विचारलंत म्हणून: शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबापुढे माथा का टेकता?

आम्ही नांदेडचे. पाहुणे आले की त्यांना सचखंड गुरुद्वाऱ्यात नेणं होतंच. बाहेर आल्यावर पायात चपला सरकवताना कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या घरात पंढरीची वारी. मग ज्या पोथीवर चवरी ढाळतात, जिला रात्री निजवतात, तिच्यापुढे तुम्ही कशा वाकता?"

उत्तरासाठी १६०४ साली जावं लागतं. अमृतसरला रामसर तळ्याकाठी शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव सांगत होते, त्यांचे शिष्य भाई गुरदास लिहून घेत होते. आधीच्या चार गुरूंची वाणी, स्वतःची, शिवाय कबीर, रविदास, शेख फरीद. ग्रंथ पुरा झाला. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला वयोवृद्ध शीख बाबा बुढ्ढांनी तो डोक्यावर घेतला आणि गुरू अर्जनदेव मागून चवरी ढाळत हरिमंदिरापर्यंत, म्हणजे आजच्या सुवर्णमंदिरापर्यंत, गेले. परंपरा सांगते की ग्रंथ उंच आसनावर ठेवून गुरू स्वतः खाली बसले, आणि रात्री त्याच्याच शेजारी जमिनीवर निजले. ज्यांनी ही वाणी जमवली, ज्यांची स्वतःची वाणी त्यात आहे, तेच तिच्याहून खाली बसले! हे कळल्यावर माझा माथा आपोआप खाली जातो.

तोच दिवस पहिला प्रकाश पूरब, म्हणजे ग्रंथाच्या पहिल्या स्थापनेचा सण, म्हणून साजरा होतो, आपले गणपती बसायच्या तीन दिवस आधी. एका वर्षी मी त्या दिवशी अमृतसरला होते. रामसरहून नगरकीर्तन निघालं, पालखीवर फुलांचा नुसता पाऊस. पण मनात राहिले ते पहाटेचे ग्रंथींचे, म्हणजे ग्रंथ वाचणाऱ्या सेवकांचे, हात. तान्ह्या बाळाचं दुपटं काढावं तसे त्यांनी ग्रंथावरचे एकेक रुमाला, म्हणजे झाकायची वस्त्रं, अलगद बाजूला केले, ग्रंथ उघडला, आणि डाव्या पानावर वरती जे पद आलं ते वाचलं. त्या दिवसाचा हुकूम, म्हणजे गुरूची आज्ञा, तोच. गर्दी होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

पुढे १७०८ साली दहावे गुरू गोविंदसिंगांनी आमच्या नांदेडात याच ग्रंथाला गुरुगादी दिली. माणूस गुरू होण्याची परंपरा तिथे थांबली.

आणि वारीचं म्हणाल, तर या १४३० पानांत, शीख त्यांना अंग म्हणतात, आपल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. "ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही." इथेही विठ्ठल, तिथेही विठ्ठल. हे मी पहिल्यांदा पंजाबी गळ्यातून रागात ऐकलं तेव्हा पदर डोळ्यांना लावला होता.

पंढरपुरात नामदेव महाद्वाराच्या पायरीत आहेत. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली. आणि इथे त्यांचेच शब्द चांदव्याखाली, मऊ गादीवर, चवरीच्या वाऱ्यात. मी त्या पायरीशी वाकते, तशीच इथेही वाकते.