तुम्ही विचारलंत म्हणून: पाळकच का व्हायचंय?

"प्रार्थना घरीही करता येते, मग पाळकच का व्हायचंय? एवढंच असेल तर वेगळी मंडळी, वेगळं चर्च काढ ना." उपासना सुटल्यावर अंगणात विचारतात, लग्नात जेवणाच्या रांगेत विचारतात. विचारणारे बहुतेक माझ्यावर माया करणारेच असतात, म्हणून एकदाचं सांगते.

वेगळी मंडळी मला नकोच आहे. जिनं मला बाप्तिस्मा दिला, जिच्या संडे स्कूलमध्ये मी वचनं पाठ केली, जिच्या शिफारशीवर बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी केली, तिच्याकडूनच पाळकपदाची दीक्षा हवी आहे. पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, मंडळीनं पारखायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. मग पारखा.

पारखून घ्यायला मी गेले होते. समितीपुढे माझी फाइल होती: गुणपत्रिका, जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल. नकलेवर जुनं नाव, आमच्या आधीच्या पाळकसाहेबांच्या तिरक्या अक्षरात. एका वडीलधाऱ्या सभासदांनी त्यावर बोट ठेवलं. "हा बाप्तिस्मा कोणाचा? तुझा की ह्याचा?"

"माझाच, काका. पाणी माझ्याच डोक्यावर पडलं."

दुसऱ्यांनी बायबलातल्या ‘अनुवाद’ पुस्तकाचा 23वा अध्याय उघडला: ठेचलेल्या, कापलेल्या पुरुषानं परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. मी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला 56वा अध्याय सांगितला. षंढानं स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नये, देव त्याला आपल्या घरात मुलामुलींपेक्षा मोठं नाव देणार आहे. मग प्रेषितांची कृत्ये 8. वाटेत पाणी दिसताच फिलिप्पानं कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, षंढाला बाप्तिस्मा दिला.

"बाप्तिस्मा दिला. दीक्षा नाही दिली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पक्कं नाही. मी 325 सालची निकाया परिषद, बिशपांची जुनी मोठी सभा, काढली. तिचा पहिलाच नियम आहे की आजारपणात वैद्यानं कापलेला किंवा शत्रूनं खच्ची केलेला माणूस सेवेत राहू शकतो, धडधाकट असताना स्वतःहून करून घेणारा नाही. म्हणजे चर्चनं हा विषय आधी हाताळलाय, एवढंच मला दाखवायचं होतं. पण त्यांनी तेच धरलं. "मग तू कशात बसतेस? ऑपरेशन झालंय का?"

समितीतल्या एकुलत्या एक बाई खाली बघत राहिल्या. मी विचारलं, "दीक्षेला येणाऱ्या कुठल्या पुरुषाला तुम्ही कपड्यांखालचं विचारता?" कोणी बोललं नाही. शेवटी सचिव म्हणाले, "प्रार्थना करून कळवू." कळवलं नाही.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा, ट्रान्सजेंडर लोकांची ओळख मान्य करणारा नालसा निकाल आला तेव्हा मला वाटलं होतं, आता दार उघडलंच. त्या वेळच्या मला आज सांगावंसं वाटतं की पाळक कोणाला करायचं हे न्यायालय ठरवत नाही. पण ती गप्प बसत नाही. ती म्हणते, निकाल नसता तर अर्ज करायची हिंमत तरी झाली असती का?

काही जण म्हणतात, आधी पुरुष म्हणून दीक्षा घ्यायचीस, मग सांगायचंस. इंग्लंडमध्ये स्विंडनच्या कॅरल स्टोन दीक्षित पाळक असतानाच 2000 साली स्त्री म्हणून उभ्या राहिल्या, आणि त्याच मंडळीत परतल्या. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण वेदीपुढे शपथ घेताना नाव खोटं सांगायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. सारा जोन्स या ट्रान्स स्त्रीला चर्च ऑफ इंग्लंडनंच 2004 मध्ये सगळं माहीत असताना दीक्षा दिली. आणि इंग्लंडच कशाला, तामिळनाडूत भारती ही ट्रान्स स्त्री पास्टर झालीच की.

माझ्या हातून प्रभुभोजन घ्यायला पहिल्या रविवारी किती जण उठतील? अर्धी मंडळी बाकावरच बसून राहील, कदाचित माझे सख्खे मामाही. हे मला ठाऊक आहे आणि त्याची भीतीही वाटते.

तरी नव्या समितीपुढे मी अर्ज देणार आहे. त्याला मंडळीतल्या सभासदांच्या सह्या लागतात. कागद माझ्या पिशवीतच असतो. पुढच्या वेळी प्रश्न विचाराल तेव्हा सही करणार की नाही, तेवढंही सांगा.